जुन्या पिकअपच्या मागच्या हाउसिंगमधील बिघाड कसा ओळखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायणगाव, मंचर, सासवड, शिरूर या भागांतून पुण्याच्या मार्केट यार्डात माल आणणाऱ्या जुन्या पिकअपपैकी कित्येकांचे इंजिन अजून ठणठणीत असते. तक्रार असते ती मागच्या हाउसिंगची, म्हणजे मागच्या दोन चाकांमधील, आत गिअर असलेल्या आडव्या पोलादी नळीची. गाडी आवाज करू लागली की कुणी क्राऊन-पिनियन (हाउसिंगमधील, चाकांकडे जोर वळवणाऱ्या दातेरी चाकांची जोडी) गेले म्हणतो, कुणी बेअरिंग म्हणतो, आणि मालकाला दोन्हींचा खर्च एकदम दिसू लागतो. पुढील उत्तरे टाटा २०७ किंवा बोलेरो पिकअप यांसारख्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि मागे पाटे (पट्टीच्या स्प्रिंग) व अखंड हाउसिंग असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. बाहेरची आणि स्वस्तातली कारणे तपासून संपल्याशिवाय डिफरन्शियल (हाउसिंगच्या मधला गिअरचा संच) उघडू नये, ही भूमिका या सर्व उत्तरांमागे आहे.

मागून सलग घुमणारा आवाज येतो. क्राऊन-पिनियन गेले असे समजावे का?

समजू नये. मागून येणारा सलग आवाज टायरचा असू शकतो, चाकाच्या बेअरिंगचा असू शकतो, प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंतच्या फिरत्या दांड्याच्या) सेंटर बेअरिंगचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असू शकतो, आणि या सर्वांनंतर क्राऊन-पिनियनच्या दातांचा. रिकाम्या हौद्याचा पत्रा ढोलासारखा घुमत असल्यामुळे केबिनमध्ये बसलेल्याला हे सगळे आवाज एकाच जागेवरून आल्यासारखे वाटतात.

सुरुवात टायरपासून करावी, कारण त्याला खर्च नाही. रबर चढवलेले टायर आणि पायऱ्या-पायऱ्यांनी झिजलेले टायर हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज करतात. काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताच आवाजाचा पोत बदलला, तर तो टायरचा समजावा. बेअरिंगला आणि दातांना खाली कोणता रस्ता आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. तरीही शंका राहिली, तर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे घालून पाहावे. आवाज टायरांबरोबर पुढे गेला, तर हाउसिंगची चौकशी तिथेच थांबते.

गाडी चालवून आवाजाचे मूळ कसे शोधावे?

सपाट आणि कमी वाहतुकीचा रस्ता निवडावा. पहाटेच्या वेळी लोणी काळभोरच्या पुढचा सोलापूर रस्ता या कामाला बरा पडतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हौद्यातील साखळ्या, स्टेपनी आणि मोकळे सामान बांधून किंवा काढून ठेवावे, आणि शक्य असल्यास दुसऱ्या माणसाला ऐकण्यासाठी मागे लक्ष ठेवायला सांगून स्वतः फक्त गाडी चालवावी.

पहिला प्रश्न असा की आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर. एकच वेग आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये धरून पाहावा. गिअर बदलूनही आवाज तोच राहिला, तर त्याचे मूळ गिअरबॉक्सच्या मागे आहे.

दुसरा प्रश्न आवाज जाड आहे की बारीक, हा आहे. २१५/७५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर कापतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला चाकाचे मिनिटाला सुमारे ४५० फेरे होतात. हाउसिंगचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे फेरे, ४.१ असेल, तर त्याच वेळी प्रॉपेलर शाफ्ट आणि पिनियन मिनिटाला सुमारे १,८५० फेरे घेत असतात. म्हणूनच चाकाच्या बेअरिंगची घरघर जाड आणि सावकाश असते, तर पिनियनच्या बेअरिंगची घरघर त्याच वेगाला बारीक आणि दाट ऐकू येते. कान थोडा सरावला की हा फरक चुकत नाही.

तिसरा आणि सर्वांत उपयोगी प्रश्न ॲक्सिलरेटरचा आहे. पाय दाबल्यावर क्राऊन आणि पिनियनच्या दातांची एक बाजू एकमेकींवर टेकते, आणि पाय काढल्यावर, म्हणजे गाडीच इंजिनाला ओढू लागल्यावर, दुसरी. आवाज फक्त जोर देताना किंवा फक्त पाय काढल्यावर येत असेल, तर दातांची झीज किंवा त्यांची जुळणी बिघडल्याचा संशय घ्यावा. पाय काढल्याबरोबर उठणारी तीव्र शिट्टी पुष्कळदा पिनियनचा नट ढिला झाल्याचे किंवा पिनियनच्या बेअरिंगवरचा पूर्वताण (बसवतानाच दिलेला ठरावीक दाब) संपल्याचे सांगते. जोर देताना, स्थिर वेगाला आणि पाय काढल्यावर, तिन्ही वेळी आवाज सारखाच असेल, तर दातांपेक्षा बेअरिंगकडे बोट दाखवावे.

ही तपासणी घाटात गाडी न्यूट्रल करून कधीही करू नये. दिवे घाटात किंवा जुन्या कात्रज घाटात ब्रेकला खरा आधार इंजिनाच्या रोधाचा असतो, आणि नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्याने होणारे अपघात पुणेकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

चाकाचे बेअरिंग असेल, तर डावे की उजवे?

मोकळ्या रस्त्यावर, मध्यम वेगात, स्टिअरिंग हळुवार डावीकडे व उजवीकडे वळवावे. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जाते. त्या वेळी आवाज वाढला, तर उजवे बेअरिंग संशयित, आणि उलट झाले, तर डावे. पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्यावर, ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी चालवल्यावर दोन्ही हबजवळ (चाकाच्या मध्यभागाजवळ) हात नेऊन उष्णतेची तुलना करावी, मात्र थेट स्पर्श करू नये. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल, तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक यांपैकी एक कारण नक्की आहे. घाट उतरून आल्यावर ही तुलना निरर्थक ठरते, कारण तेव्हा ड्रम ब्रेकमुळेच तापलेले असतात.

क्लच सोडताना किंवा गिअर बदलताना मागून "खट्" असा आवाज येतो. तो कशाचा?

जुन्या पिकअपमधील ही सर्वांत सामान्य तक्रार आहे, आणि चुकीचे निदानही हिच्याच बाबतीत सर्वाधिक होते. इंजिनापासून चाकापर्यंतच्या प्रत्येक सांध्यात थोडा मोकळेपणा असतो. तो सगळा एकत्र येऊन शेवटी एकदाच आदळतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की डिफरन्शियलच तुटले. तपासणी म्हणून सांध्यासांध्याने करावी लागते.

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, पुढच्या आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. मग खाली जाऊन प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे पिळावा. क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्यातील चार टोकांच्या तुकड्याच्या) एका बाजूचा काटा हलतो आणि दुसऱ्या बाजूचा हलत नाही, असे दिसले, तर क्रॉस संपला आहे. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर गंजाची पूड दिसणे म्हणजे आतील सुया कोरड्या पडल्याची खूण. ग्रीस निपल असेल, तर चारही टोप्यांतून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. तीनच टोप्यांतून ग्रीस आले, तर चौथी आतून बंद आहे आणि तो क्रॉस फार दिवस टिकणार नाही. स्लिप जॉइंटचे (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सांध्याचे) आटे, म्हणजे लांबीच्या दिशेच्या खाचा, झिजले असतील, तर शाफ्ट तिथे वर-खाली डुलतो.

यानंतर पिनियनचा फ्लँज, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो ती चकती, धरावा. तो वर-खाली किंवा आत-बाहेर हलत असेल, तर पिनियनचे बेअरिंग किंवा नट ढिला आहे, आणि ही गोष्ट पुढे ढकलू नये. तो फक्त गोल दिशेने थोडा फिरत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. क्राऊनच्या बाजूचा मोकळेपणा पिनियनवर गुणोत्तराच्या पटीत दिसतो: एक्सल शाफ्टच्या (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) आट्यांत आणि आतील छोट्या गिअरमध्ये मिळून एका अंशाचा खेळ असला, तरी ४.१ गुणोत्तराच्या हाउसिंगमध्ये फ्लँज चार अंशांहून अधिक फिरतो. "बघा, फ्लँज केवढा हलतोय" एवढ्या पुराव्यावर क्राऊन-पिनियन बदलायला सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

शेवटी हाउसिंगला पाट्यांशी आवळून धरणारे यू बोल्ट आणि पाट्यांचे बुश पाहावेत. यू बोल्ट ढिले असतील, तर जोर देताना अख्खी हाउसिंग पाट्यांवर किंचित फिरते आणि नेमका हाच "खट्" आवाज येतो. पाट्याजवळ चकचकीत घासलेला धातू किंवा गंजाची रेघ दिसणे पुरेसे आहे.

फक्त वळताना आवाज येतो. सरळ जाताना काही नाही.

मग क्राऊन-पिनियनला बहुतेक सोडून द्यावे. गाडी सरळ जात असताना डिफरन्शियलमधील छोटे गिअर एकमेकांवर जवळपास फिरतच नाहीत. ते वळणावर कामाला लागतात. मोकळ्या मैदानावर सावकाश इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवताना करकर किंवा टकटक आली, तर ते गिअर, त्यांची पिन किंवा त्यांच्या मागच्या झिजपट्ट्या खराब झालेल्या असतात. हे भाग उसाच्या फडात किंवा ओल्या बांधावर खराब होतात: एक चाक रुतलेले असते, दुसरे गरगर फिरत असते, आणि चालक पाय काढत नाही. एका बाजूला जुना व दुसऱ्या बाजूला नवा टायर बसवून महिनोन्‌महिने गाडी चालवली, तरी दोन चाकांचा घेर वेगळा असल्याने हे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात.

हाउसिंगमधून ऑइल गळते. सील बदलले, तरी पुन्हा गळू लागले.

सर्वप्रथम ब्रीदर पाहावा. हाउसिंगच्या वरच्या बाजूला असलेली ही छोटी टोपी चिखलाने बुजली, की आत तापलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. सील कितीही चांगले बसवले, तरी ब्रीदर बंद असेपर्यंत ते टिकणार नाही. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरल्यानेही तसेच होते.

ब्रीदर मोकळा असूनही सील वारंवार जात असेल, तर दोष सीलचा नसतो. बेअरिंग ढिले झाल्याने शाफ्ट डुलत असतो, किंवा सील जिथे टेकते तिथे शाफ्टवर खाच पडलेली असते; नखाला खाच लागली, तर सीलबरोबर शाफ्टवर स्लीव्हही बसवावी लागेल. पिनियनचे सील बदलताना आणखी एक सापळा आहे. काही हाउसिंगमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये चेपणारी स्लीव्ह असते, आणि नट एअर गनने करकचून आवळला, तर बेअरिंगवर प्रमाणाबाहेर ताण येऊन ते काही दिवसांत जळते. नट खोलण्यापूर्वी त्याची जागा पंचने खुणावून ठेवणारा मेकॅनिक हे काम जाणतो, असे खुशाल समजावे.

चाकाच्या आतील बाजूला ओल दिसली, तर ती गिअर ऑइलची की ब्रेक ऑइलची, हे आधी ठरवावे. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेक ऑइल पातळ असते आणि रंग सोडवते. दोन्हींपैकी कोणतेही लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर) पोहोचले असेल, तर लायनर बदलावा. पेट्रोलने धुऊन तोच लायनर परत बसवण्याची पद्धत स्वस्त आहे, पण भरल्या गाडीने घाट उतरताना तिची किंमत कळते.

ऑइल पाहून आतली स्थिती कळते का?

बऱ्याच प्रमाणात कळते, आणि डिफरन्शियल उघडण्यापूर्वीची ही शेवटची, सर्वांत विश्वासार्ह पायरी आहे. गाडी सपाट जागी असावी. आधी भरण्याचा प्लग खोलावा आणि मगच खालचा. वरचा प्लग गंजून अडकला असेल, तर ऑइल काढून टाकल्यावर ते कळून उपयोग नाही. बहुतेक हाउसिंगमध्ये ऑइलची पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवी.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट असताना स्वच्छ भांड्यात काढावे. चुंबकावर राखाडी, मलमासारखा बारीक थर असणे ही वयाची खूण आहे, आजाराची नाही. बोटांना टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला, तर मात्र हाउसिंग उघडल्याशिवाय गाडी पुढे चालवू नये. पापुद्रे सहसा बेअरिंगचे असतात, आणि जाड, कोनदार तुकडे दातांचे. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे. जळका वास आणि काळेपणा म्हणजे ऑइल कमी होते किंवा गाडी सतत जादा वजन ओढत होती.

ग्रेड कोणती घालावी, हे गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे. क्राऊन-पिनियनचे दात हायपॉइड पद्धतीचे असतील, तर ते एकमेकांवर फिरतात आणि घसरतातही, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचे (जास्त दाब सोसणारे) ऑइल सांगितलेले असते. ८० डब्ल्यू ९० आणि ८५ डब्ल्यू १४० या ग्रेड त्यात नेहमी आढळतात. तेच ऑइल गिअरबॉक्समध्येही ओतण्याची सवय वाईट आहे, कारण जीएल-५ मधील रसायने पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्रासदायक ठरू शकतात. आवाज दाबण्यासाठी दाट ऑइल किंवा भुसा घातलेल्या हाउसिंगच्या कथा जुन्या गाड्यांच्या बाजारात ऐकू येतात. म्हणून जुनी पिकअप घेताना हाउसिंगचे ऑइल काढून पाहण्याचा आग्रह धरावा.

जॅकवर घेऊन घरी काय तपासता येते?

हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालत असल्याने मागची बाजू उचलल्यावर तो गाडी धरून ठेवत नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि हाउसिंगखाली दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) द्याव्यात. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवून खाली जाऊ नये.

टायर वर आणि खाली धरून हलवून पाहावा. हाताला टकटक लागली, तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. चाक सावकाश फिरवत एक हात पाट्यावर ठेवला, की खराब बेअरिंगची खरखर पोलादातून हातापर्यंत पोहोचते. कानापेक्षा हात इथे जास्त खरा ठरतो. हाउसिंगचे गुणोत्तरही असेच मोजता येते: एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे पूर्ण दोन फेरे फिरवावे, गिअर न्यूट्रलमध्ये असावा, प्रॉपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल, तितके गुणोत्तर. इंजिन चालू करून एकच चाक हवेत फिरवण्याचा प्रयोग करू नये. ते चाक दुप्पट वेगाने फिरते, आतील छोट्या गिअरवर ताण येतो, आणि गाडी जॅकवरून उतरली, तर थांबवणारे कोणी नसते.

मागच्या एक्सलच्या फुल फ्लोटिंग आणि सेमी फ्लोटिंग या रचनांत फरक काय?

चाकाच्या मध्यभागी बाहेर आलेला हब आणि त्यावर बोल्टचे कडे दिसत असेल, तर ती फुल फ्लोटिंग रचना असण्याची शक्यता मोठी. तिथे वजन हबच्या बेअरिंगवर आणि हाउसिंगच्या नळीवर असते, एक्सल शाफ्ट केवळ चाक फिरवतो, आणि तो तुटला, तरी चाक जागेवर राहते. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्टच वजनही पेलतो; म्हणून तिथे बेअरिंगची घरघर दुर्लक्षित करणे अधिक धोक्याचे, कारण शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटल्यास चाकच निसटू शकते.

गाडी तिरकी चालते, असे मागून येणारे सांगतात.

पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून हाउसिंग एका बाजूला सरकली असावी. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून हाउसिंगपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे. ते सारखे असायला हवे. अंतर सारखे असूनही एकच टायर एका कडेने झिजत असेल, तर हाउसिंग वाकल्याची शंका येते. जादा पाटे चढवले म्हणजे गाडी जादा माल पेलू शकते, हा समज इथे महागात पडतो: पाटे वजन पेलतात, पण हाउसिंगची नळी, बेअरिंग आणि ब्रेक कारखान्यातून आले तेवढेच राहतात. आरसीवरील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर उरते, तीच खरी मर्यादा.

ठरावीक वेगाला गाडी थरथरते.

याचा हाउसिंगशी संबंध क्वचित असतो. प्रॉपेलर शाफ्टचा तोल, वाकलेली नळी, सेंटर बेअरिंगचे फाटलेले रबर आणि शाफ्ट परत जोडताना चुकलेली खूण, या क्रमाने पाहावे.

पुरातून किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी काढली. काय करावे?

पाणी हबपर्यंत आले असेल, तर लवकरात लवकर हाउसिंगचे ऑइल तपासावे. गरम हाउसिंग गार पाण्यात जाताच आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ झाले असेल, तर ते बदलून थोडी गाडी चालवावी आणि पुन्हा एकदा बदलावे. फुल फ्लोटिंग हबमधील ग्रीसही पाहावे.

फक्त पिनियन बदलले तर चालेल का? की पुण्याच्या नाना पेठेतील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून जुनी हाउसिंग आणावी?

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात; जोडी बदलावी, एकटे दुकटे नाही. जोडी बसवताना पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवणे, डायल गेजने (सूक्ष्म अंतर दाखवणाऱ्या मापकाने) दातांमधील मोकळेपणा मोजणे आणि रंग लावून दातांवर उमटणारा ठसा पाहणे, ही तिन्ही कामे व्हायला हवीत. अनेक लहान हाउसिंगमध्ये तो मोकळेपणा ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेला असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा वर्कशॉप पुस्तिकेतून घ्यावा. हा आकडा बोटाने अंदाजून ठरवता येत नाही, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी. डायल गेज नसलेल्या गॅरेजमध्ये नवी जोडी बसवण्यापेक्षा चांगली जुनी, न उघडलेली पूर्ण हाउसिंग बसवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. मात्र विकत घेण्यापूर्वी तिचे गुणोत्तर, दोन्ही पाट्यांच्या बैठकांमधील अंतर, ब्रेक ड्रमचे माप आणि फ्लँजची भोके जुळतात का, हे मोजून घ्यावे, आणि दुकानदाराच्या समोरच तिचे ऑइल काढून पाहावे.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवता येईल का?

मंद, बराच काळ न बदललेला आवाज, ऑइल योग्य पातळीवर आणि चुंबकावर केवळ मऊ थर, अशी स्थिती असेल, तर हलका माल घेऊन, दर आठवड्याला पातळी तपासत काही काळ काढता येतो. आवाज दिवसागणिक वाढत असेल, ऑइलमध्ये तुकडे असतील, चाकात खेळ असेल, पिनियनचा फ्लँज वर-खाली हलत असेल किंवा ड्रमजवळून धूर येत असेल, तर गाडी जागेवर उभी करावी. पिनियन अडकले, तर मागची चाके चालत्या गाडीत एकाएकी घट्ट होऊ शकतात. अशी गाडी मागची चाके जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये. क्रेनने मागची बाजू उचलावी, किंवा फुल फ्लोटिंग रचना असल्यास दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर काढून हबची तोंडे झाकावीत आणि मगच दोर बांधावा.